भिवराबाईचा बुटका घट

भिवराबाईच्या हाताला घटाचा गुण आहे, असं सगळी चिंचखोरी म्हणायची. आणि चिंचखोरीनं म्हणायच्या आधी भिवराबाई स्वतः म्हणायची.

घाटनांदूरच्या अलीकडं, माळाच्या कडेला हे गाव. नवरात्र आलं की घरोघर देवीपुढं काळी माती पसरायची, त्यात धान पेरायचं, मधोमध पाण्याचा घट ठेवायचा. दसऱ्याला उगवलेलं धान उपटून पुरुषमाणसांनी टोपीत खोवायचं. रीत सगळ्यांची एकच, पण भिवराबाईचं धान यायचं वीतभर उंच आणि हळदीसारखं पिवळं. तिच्या घरचा तुरा टोपीवर डोलायला लागला की शेजारचा माणूस आपला तुरा गुपचूप काढून खिशात घालायचा. तिची युक्ती साधी होती. घरातला सगळ्यात अंधारा कोपरा धरायचा, वरून डालगं पालथं घालायचं, कोमट पाणी शिंपडायचं आणि नऊ दिवस उजेडाला पत्ता लागू द्यायचा नाही. घट जेवढा उंच तेवढं साल चांगलं, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत. एकाहत्तर साली तिचा घट दीड वीत आला आणि पुढच्या साली पाऊसच पडला नाही. त्याचा दोष गावानं देवीला दिला, भिवराबाईला नाही. एवढी तिची पत होती.

पण पत असून पोट भरतं होय? नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, लेक दिलेली परळीकडं, आणि बाई दरसाल ऊसतोडीला. उसाच्या फडात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. भिवराबाईचा अर्धा कोयता मुकादमानं बंकटच्या अर्ध्या कोयत्याला जोडलेला. बंकट विधुर, उंच, हाडकुळा, आणि कुणी उठ म्हटल्याशिवाय न उठणारा. बस म्हटलं तर बसायचा आणि मग बसूनच राहायचा. त्याला बघून भिवराबाईचं डोकं फिरायचं. बारा वर्षं ती त्याला सकाळी उठल्यापासून शिव्या देत होती आणि तो मोळ्या बांधत होता.

तिचं दुःख उसाचं नव्हतं, दिवाळीचं होतं. टोळीची गाडी निघायची वसुबारसेला, म्हणजे दिवाळी फडात. तिथं राहायला उसाच्या वाळल्या पाल्याची, पाचटाची कोपी, भोवतीही पाचट, आणि मुकादम शहादेवचा कडक हुकूम: पणती लावाल तर फड जाळाल. बारा वर्षं भिवराबाईनं दिवाळीला दिवा लावला नव्हता. एकदा तरी आपल्या घरात, आपल्या उंबऱ्यावर पणती लावायची आणि ती विझेपर्यंत तिच्यापाशी बसायचं, एवढंच तिला हवं होतं. राजाला राज्य मागावं असं काही नव्हे, पण मिळत नव्हतं खरं.

अशात बहात्तरचा दुष्काळ आला. रेशनवर परदेशी लाल मिलो ज्वारी, रस्त्यावर खडीचं काम, आणि गावात हिरवं म्हणून काही शिल्लक नाही. शेळ्यांनी बाभळी ओरबाडल्या, निवडुंगाला तोंड लावलं, आणि शाळेच्या भिंतीवर मास्तरांनी रंगवलेलं आंब्याचं झाड चाटून चाटून पुसट केलं. तलावाचं पाणी मागं सरत एका डबक्यावर आलं आणि भोवती ओला गाळ उघडा पडला. त्या गाळावर तरकारी लावायची परवानगी गावच्या सेवा सोसायटीला मिळाली. शेतीखात्याचा एक माणूस जीपमधून आला, वांगी, टमाटे, कोबी आणि मिरचीच्या बियांच्या पुड्या दिल्या आणि चांगला अर्धा तास बोलला. बाहेर वाफा केला तर शेळ्या ठेवायच्या नाहीत, म्हणून रोपं घरात तयार करा, असं त्याचं पहिलंच वाक्य होतं. ते ऐकून लोकांनी माना डोलावल्या आणि पुढचं कुणी ऐकलंच नाही. घरात बी उगवायचं कसं, हे चिंचखोरीला कुणी शिकवायचं? पिढ्यान् पिढ्या काय करत आलो मग?

सोसायटीचे चेरमन सुंदरराव. शंभर एकरांचे मालक, अंगानं भरलेले, नाकात सदानकदा तपकीर. त्यांनी सभा बोलावली आणि उभं राहून विचारलं, "घरात बी उगवाया गावात सगळ्यात हुशार कोन हाय?"

"भिवराबाई!" सगळी सभा एका आवाजात ओरडली. चिंचखोरीच्या सोसायटीत एकमतानं झालेला हा पहिलाच ठराव.

"भिवराबाई," सुंदरराव म्हणाले, "दिवाळीपस्तोर रोपं उभी करून दाखव. मग हिवाळाभर गाळातली तरकारी तूच राखायची. मजुरी सोसायटी देईल. उसाला जायाचं कामच न्हाई."

भिवराबाईला पहिल्यांदा ऐकू आलं ते खरं वाटेना. मग तिच्या डोळ्यांपुढं उंबरा आला, उंबऱ्यावर पणती आली, आणि तिनं पदर खोचला. "दिवाळीपस्तोर कशाला मालक? दसऱ्यालाच देते. अशी उंच देते का तुमच्या पटक्याला लागतील."

मागं बसलेला बंकट तेवढा म्हणाला, "आन माझा कोयता?"

"तुझा कोयता घाल चुलीत," भिवराबाई म्हणाली. विषय संपला.

घटस्थापनेचा मुहूर्त धरून सोसायटीच्या खताच्या गोदामात पेरणी झाली. गोदामाला खिडकी नाही, आत खत नाही, खताचा वास तेवढा. उंदीरसुद्धा कंटाळून खडी फोडायला गेले असावेत. भिवराबाईनं गावातून डालड्याचे, बिस्किटाचे, गोडेतेलाचे डबे गोळा केले, तलावातली माती चाळून भरली, बी टाकलं, देवीचं नाव घेतलं आणि दार लावून घेतलं. समया लावल्या. रोज एक माळ वर बांधायची तर फुलं कुठून आणणार? माळावर एक तरवड फुलला होता, कारण त्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. त्याच्याच माळा केल्या.

आता घट बसला म्हटल्यावर घटाचे नियम आले. गोदामाच्या पुढच्या खोलीत सोसायटीची कचेरी. सेक्रेटरी राधाकिशन आंबाजोगाईला शिकलेला, पँट-शर्टातला माणूस. भिवराबाईनं त्याला चप्पल बाहेर काढायला लावली. चामड्याचा म्हणून कंबरपट्टा काढायला लावला. घटापेक्षा उंच बसायचं नाही म्हणून खुर्ची काढली, गादी काढली. दाढी बंद. राधाकिशन नऊ दिवस एका हातानं पँट धरून उकिडवा बसून सोसायटीचा कारभार बघत होता. कुणी सही मागितली की पँट धरायची का कागद, असा सवाल यायचा, आणि तो दरवेळी कागदच सोडायचा.

पाचव्या माळेला टमाटे उगवले, मग कोबी, मग वांगी. मिरचीनं काही मान वर केली नाही, पण मिरचीचा स्वभावच तसा, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. आणि काय ती वाढ! रोज बोटभर. पांढरे-पिवळे देठ दोऱ्यासारखे वर चाललेले, टोकाला दोन इवली पानं. दुष्काळात एवढी उंची! घाटनांदूरहून माणसं बघायला यायला लागली. कुणी नारळ ठेवला, कुणी नवस बोलला. वर्षभरात काहीही वाढताना न पाहिलेली माणसं दारात उभी राहून डोळे पुसायची. दाराबाहेर गावातल्या शेळ्या ओळीनं बसलेल्या, त्याही दर्शनालाच आल्यासारख्या.

सातव्या माळेला सुंदरराव आरतीला आले. तपकिरीची चिमूट ओढली आणि असे शिंकले, असे शिंकले की समया विझल्या. पुन्हा लावून बघतात तर समोरच्या दोन डब्यांतले टमाटे सगळेच्या सगळे मान टाकून आडवे.

मग राधाकिशन पँट सावरत म्हणाला, "नमस्कार केला! चेरमनसायबाला नमस्कार केला!"

"खरंच की बे!" लोक म्हणाले. सुंदररावांनी मागं वळून पाहिलं, पुन्हा टमाट्यांकडं पाहिलं आणि त्यांना भरून आलं. जन्मात कुणी एवढ्या मनापासून वाकलं नव्हतं. त्यांनी टमाट्यांना हात जोडून उलट नमस्कार केला.

या सगळ्या कौतुकात भिवराबाईच्या काळजाला एक काटा होता आणि तो कुणाला दाखवायची सोय नव्हती. दाराच्या फळीला एक मोठी फट होती. त्या फटीसमोर नेमका वांग्याचा एक डालड्याचा डबा राहून गेला होता, आणि त्यातली रोपं बुटकी आली. दोन बोटं उंची, देठ जाड, पानं काळपट हिरवी. असली शरम तिच्या हातानं कधी उगवली नव्हती. "मुडद्यांनो, माना वर काढा की!" ती दबक्या आवाजात म्हणायची. "ते टमाटे बघा, छताला चाललेत. तुमी जल्माचे ठेंगू!" लोकांनी पाहिलं तर इतक्या वर्षांची पत मातीत जाईल, म्हणून तिनं तो डबा पदराखाली घालून घरी नेला. घरात देवीजवळ ठेवायची काही तिला हिंमत झाली नाही. अपशकुनी डबा देवाजवळ कसा ठेवणार? तिच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घराला उजेडासाठी वर एकच भोक होतं, सानं म्हणतात त्याला. त्या सान्याखाली, घराच्या मधोमध तिनं तो ढकलून दिला. जाता-येता राग आला की रोपांना टपली मारायची. पाणी तर रागानं दोन-दोन दिवस द्यायची नाही.

दसरा उजाडला. रोपं वाजतगाजत तलावावर न्यायची, असं ठरलं होतं. पण हलगी वाजली, बायकांनी डबे डोक्यावर घेतले, आणि सुंदररावांनी सहज हात लांब करून एक टमाट्याचं रोप उपटलं आणि पटक्यात खोवलं. "दसरा हाय," ते म्हणाले.

"मालक!" भिवराबाई किंचाळली. "अवो तुरा न्हाई त्यो, टमाटा हाय!"

पण चेरमननं केलं म्हटल्यावर सभासद मागं राहतात होय? धडाधड हात पडले. कुणाच्या टोपीत कोबी, कुणाच्या कानावर वांगं. भिवराबाई या डब्याला मिठी मारायची तर त्या डब्यावर पाच हात. त्यांना तरी काय बोलणार? तिनंच त्यांना शिकवलं होतं की तिच्या हातचं उंच धान टोपीत मिरवायचं असतं. जी काही रोपं डब्यांत शिल्लक राहिली ती घेऊन मिरवणूक उन्हातून तलावाकडं निघाली. मारुतीच्या देवळापाशी रोपांनी माना झुकवल्या. राधाकिशन म्हणाला, मारुतीला नमस्कार केला. वेशीपाशी ती आणखी वाकली. वेशीला नमस्कार, लोक म्हणाले. तलावावर पोचेपर्यंत एकूण एक रोप डब्यात उताणं पडलं होतं, देठ पाण्यासारखे, पानं सुकून काळी. आता नमस्कार कुणाला केला म्हणायचं, ते राधाकिशनलाही सुचेना.

भिवराबाई गाळात मटकन खाली बसली. ती रडली, मोठ्यानं रडली, लाज न धरता. टोळीचा मुकादम शहादेव गर्दीत उभा होता. तो तिच्याजवळ येऊन म्हणाला, "वसुबारसेला गाडी हाय, भिवराबाई. कोयत्याला धार लावून ठिव."

घरी आली तेव्हा सान्यातून उन्हाचा चौकोन जमिनीवर पडला होता आणि त्या चौकोनात बुटका डबा बसला होता. भर उन्हात, दोन दिवस पाण्याशिवाय, ताठ. तिनं सवयीनं टपली मारली. रोपं हलली आणि पुन्हा उभी राहिली. तिनं पुन्हा मारली, जरा जोरानं. पुन्हा उभी.

भिवराबाई डब्यापुढं फतकल मारून बसली. "म्हंजे तुमी ठेंगू न्हाई," ती म्हणाली. "तुमी निबर हाय. आन मी येडी हाय."

ती तशीच उठून राधाकिशनकडं गेली. निम्म्या पुड्या कपाटात शिल्लक होत्या, कारण सोसायटी कोणतीच गोष्ट कधी पूर्ण देत नाही. त्या सवयीचा गावाला फायदा व्हायची ही पहिलीच वेळ. तिनं घरात सान्याखाली नवे डबे मांडले. पण उन्हाचा चौकोन काही एका जागी थांबेना. सकाळी चुलीपाशी, दुपारी मधोमध, कलत्या उन्हाला रांजणापाशी. बाई दिवसभर डबे सरकवायची. स्वयंपाक चुलीवरून अर्धा उतरवून ठेवायची, कारण उजेड उतरंडीखाली गेलेला असायचा. चौकोनही पुरेना. तेव्हा तिनं बंकटला बोलावलं, पितळी परात त्याच्या हातात दिली आणि धाब्यावर चढवलं.

"हितं बस. परात अशी धर का ऊन सान्यातून खाली पडलं पाहिजे."

"कवापस्तोर?"

"मी सांगस्तोर."

बंकट बसला. हे काम जणू त्याच्यासाठीच देवानं राखून ठेवलं होतं. परातीचा उजेड खाली भिंतीवर नाचायचा, आणि खालून भिवराबाई ओरडायची, "मुडद्या, वांग्यावर पाड, माझ्या तोंडावर कावून पाडतोस? सरकव! डोळे हायत का कवड्या?" आणि तोच राग हातात घेऊन ती एकेका डब्यावरून टपल्या मारत जायची. कारण बुटक्या डब्याला तिनं काय काय केलं होतं, ते सगळं तिनं आठवून ठेवलं होतं: उजेड, कमी पाणी, शिव्या आणि टपल्या. यातलं नेमकं कशानं रोप निबर झालं ते तिला माहीत नव्हतं, म्हणून तिनं काहीच सोडलं नाही. एवढ्या डब्यांना पुरेल इतका राग एका माणसाला रोज कुठून येणार? पण बंकट वर होता, त्यामुळं तुटवडा कधी पडला नाही.

गावात मात्र कुजबुज चालू झाली. भिवराबाईचा गुण गेला. बाई मुद्दाम बुटकं पिकवते. बुटका घट म्हणजे पुढचंही साल दुष्काळ, असं म्हातारी माणसं सांगायला लागली. वसुबारसेच्या सकाळी, गाडी वेशीत येऊन थांबलेली असताना सुंदररावांनी सभा बोलावली. डबे उजेडातून हलवायला भिवराबाईनं साफ नकार दिला, म्हणून सोसायटीची सभा तिच्याच घरात भरली. माणसं भिंतीला टेकून दाटीवाटीनं बसली, मधोमध उन्हात डबे. रोपं तीन बोटं उंच, काळीभोर हिरवी, जाड देठाची. मिरचीसुद्धा उगवली होती.

"एवढुशीच?" कुणीतरी म्हणालं. "टोपीत खोवली तर दिसायची बी न्हाईत."

"टोपीत खोवायलाच न्हाईत त्या!" भिवराबाई कडाडली.

सुंदररावांनी वाकून निरखून पाहिलं. विचार करायचा म्हणजे त्यांना तपकीर लागायची. चिमूट ओढली आणि शिंकले. घाटनांदूरला ऐकू जावी अशी शिंक. लोकांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा रोपं थरथरली, आणि होती तशी उभी राहिली.

मग राधाकिशननं सगळ्यांच्या मनातलं विचारलं, "नमस्कार कावून न्हाई केला?"

झालं! सभा उभी फुटली. एक बाजू म्हणाली, चेरमनच्या शिंकेला टिकली ती दुष्काळालाही टिकतील. दुसरी बाजू म्हणाली, गावच्या चेरमनला मान न देणारी माजोरी रोपं सोसायटीच्या गाळात लावायचीच कशाला? आज वांगी ताठ उभी राहिली, उद्या सभासद राहतील! सुंदररावांना मनातून लागलं होतं, पण रोपांवर रागावलो असं कबूल कसं करायचं? राधाकिशननं ठराव मांडला, रोपं पसंत का नापसंत, आणि हात मोजले. बरोबरीत. पुन्हा मोजले. पुन्हा बरोबरीत.

"चेरमनचं मत?" त्यानं विचारलं.

"माज्याच मानाचा सवाल हाय. मला कसं देता येईल?" सुंदरराव म्हणाले.

भिवराबाई भिंतीला टेकून उभी होती. वेशीतून गाडीचा भोंगा ऐकू येत होता. बारा वर्षांनी हाताशी आलेली पणती एका मतानं विझणार होती, आणि तिला ओरडावंसंही वाटेना.

"समदे सभासद आले का?" कुणीतरी विचारलं.

"बंकट न्हाई आला."

"आलोय," वरून आवाज आला. सगळ्यांनी माना वर केल्या. तो धाब्यावर होता, परात धरून. त्याला कुणी खाली ये म्हटलंच नव्हतं.

दारात उभा असलेला शहादेव मुकादम वर बघून म्हणाला, "बंकट, नीट ऐक बे. ती हितं राहिली तर तू अर्धा. अर्ध्या कोयत्याला माज्या गाडीत जागा न्हाई. सोचून-समजून काय ते कर."

परातीचा उजेड भिंतीवर जरासा थरथरला. मग सान्यातून एक लांब, हाडकुळा हात खाली आला. कोपरापर्यंत आला आणि सभेच्या डोक्यावर तसाच थांबला.

"पसंत का नापसंत?" राधाकिशननं हाताला विचारलं.

"पसंत," हात म्हणाला. "शिव्या खाऊन बी ताठ हायत. मला ठावं हाय, सोपं नसतं ते."

ठराव मंजूर झाला. गाडी गेली. शहादेवनं बंकटला शेवटी चढू दिलं, निदान तसं भिवराबाईला वाटलं. धूळ एवढी होती की कोण चढलं, कोण उतरलं, कळायला मार्ग नव्हता. तिला त्याला काहीतरी म्हणायचं होतं. काय म्हणायचं ते ठरेपर्यंत गाडी माळावर चढली होती.

लक्ष्मीपूजनाची सांज आली. भिवराबाईनं घर सारवलं, उंबरा धुतला, मिलोच्या पिठाच्या गूळ घालून दोन करंज्या केल्या आणि उंबऱ्यावर पणती लावली. पणती लागली. भडका नाही, ओरडा नाही, पाचट नाही. ती तिच्यापाशी बसली, ठरवल्याप्रमाणे. गल्लीत दुसरं दार उघडं नव्हतं. निम्मं गाव उसाला, निम्मं खडीच्या कामावर तिथंच मुक्कामाला. तिनं पणतीकडं पाहिलं, मग अंधाऱ्या गल्लीकडं पाहिलं, मग पुन्हा पणतीकडं. बारा वर्षं जे मागितलं ते समोर जळत होतं, आणि ते कुणाला दाखवायला माणूस नव्हतं.

मग तिला डबे आठवले. दिवसभराच्या टपल्या राहिल्या होत्या. ती आत गेली, पहिल्या डब्यापुढं वाकली आणि म्हणाली, "मुडद्यांनो." पण त्यात काही जीव नव्हता. टपली मारायला हात उचलला तर तो नुसताच पानांवरून फिरला. तीन दिवस झाले होते, राग म्हणून येतच नव्हता. रोपं अशानं मऊ पडतील, असं तिला वाटलं. तिनं सवयीनं मान वर केली आणि सान्याकडं बघून, जेवढा होता तेवढा आवाज लावून ओरडली, "परात सरकव ना रे हाडक्या! वांगी अंधारात बसलीत!"

"दिस बुडला की, भिवराबाई," वरून उत्तर आलं. "आवसेच्या राती ऊन कुठून आनू?"

भिवराबाई सान्याखाली धावली. "बंकट? तू गाडीत न्हाई?"

"शहादेवनं घाटनांदूरला उतरवलं. अर्धा कोयता जागा आडवतो म्हनला. मग ठेसनावर बसलतो. कुनी उठ म्हनलं न्हाई."

"आन हितं कवा आलास?"

"लांबून पनती दिसली तवा उठलो."

"मग वर कावून बसलायस रे मेल्या? दार न्हाई का घराला? उंबरा न्हाई का? माणसासारखं यावं, हाक मारावी, तर चढला धाब्यावर! अक्कल का उसातच ठिवून आलास? आन हितं मी येकटी, सणासुदीची, भुतासारखी..." ती बोलत बोलत डब्याडब्यावरून गेली, आणि रोपारोपाला टपली पडली, चांगली जोरानं. रोपं हलली आणि उभी राहिली.

"खाली यिऊ का?" वरून बंकटनं विचारलं.

"ये," भिवराबाई म्हणाली. "आन पनतीजवळून जपून ये. वारा लागंल तिला."